लाल डबा आणि वरची पिन

माझे नाव हॉलिस अँब्रोज बार्बी, वय ६९ वर्षे, धंदा गवताची शेती व रविवारी चर्चमध्ये प्रवचन, राहणार टर्नबो खोरे, खडीच्या रस्त्यावरचे शेवटचे घर, ओझार्क डोंगर, मिझुरी. शेजारी गारलंड पिक्रेल याने आज सकाळी माझ्याविरुद्ध तक्रार दिली, त्यावरून मला शेरीफ कचेरीत आणले. डेप्युटी रस्क यांच्यासमोर बसून, विचारल्यावरून, स्वतःच्या तोंडाने सांगतो ते असे.

आमचा रस्ता सरकारी नाही. त्यावरची घरेच तो राखतात, त्यासाठी समिती आहे. गारलंड तिचा अध्यक्ष आहे. त्याचे वाचन ट्रॅक्टर कंपनीच्या टोपीवरच्या अक्षरांपुरते आहे, पण ट्रॅक्टर खोऱ्यात सर्वांत मोठा आहे, आणि आमच्याकडे अध्यक्ष अश्वशक्तीवर निवडतात.

मागच्या पानगळीत ट्रॅक्टरमागे लावून रस्ता घासायचे समितीचे जुने पाते मोडले. नवे अवजार ठरवण्यासाठी चर्चच्या तळघरात जेवणासह बैठक झाली. मी उभे राहून सांगितले की, डोंगरातल्या खडीच्या रस्त्याला पाठ लागते. तो मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असला तरच पाणी चरात जाते, नाहीतर रस्ताच ओढा होतो. त्यासाठी तिरके वळणारे पाते हवे, जे कडेला गेलेली खडी पुन्हा मध्ये आणते. गारलंडला डबा हवा होता. डबा म्हणजे दोन्ही बाजू आणि पाठ बंद असलेले, पुढे दात असलेले अवजार. ते अंगण सपाट करायला उत्तम आहे. पण ते वळत नाही. जे पुढ्यात येईल ते पोटात घेऊन सरळ जाते. या बाबतीत त्याचे अध्यक्षांशी साम्य आहे, असे मी बैठकीत म्हटले. ते शब्द मी मागे घेत नाही.

डबा का, असे विचारल्यावर गारलंडने दिलेले कारण येथे जसेच्या तसे लिहून घ्यावे. डबा लाल होता. तिरके पाते निळे होते. त्याचा ट्रॅक्टर लाल आहे.

तो म्हणाला, "ब्रदर हॉलिस, माझ्या लाल ट्रॅक्टरमागे निळं पातं? माणूस दुसऱ्याची बायको घेऊन चर्चला येतो का?"

सगळे हसले. मी म्हणालो, "गारलंड, मागची जोडणी सगळ्या रंगांच्या ट्रॅक्टरांची एकच असते. पाण्याला रंग कळत नाही."

जेवण वाढणारी व्हर्लीन ओव्हरबी म्हणाली, "मत घ्या बाई लवकर, चिकन गार होतंय."

मत घेतले. डबा आला. आमच्या खोऱ्यात घराणे आजोबांपासून लाल ट्रॅक्टरचे तरी असते किंवा निळ्या तरी. मी स्वतः दोन माणसे लाल टोपीसह पुरली आहेत आणि प्रार्थना म्हटली आहे. मेलेल्यांबद्दल तक्रार नाही. जिवंतांनी टोपीने विचार करू नये, एवढेच.

गारलंडने त्या डब्याने हिवाळाभर रस्ता घासला. मधली पाठ खरवडून गेली. कडांना खडीचे बांध राहिले. वसंतात पाऊस झाला तेव्हा रस्त्याची पन्हळ झाली आणि ओढ्याचे पाणी रस्त्याखालून नेणाऱ्या मोरीवरची खडी वाहून गेली. गारलंड म्हणाला, देवाची करणी. देवाच्या नावावर काय काय खपवतात हे मी व्यासपीठावरून चाळीस वर्षे बघतो आहे, पण लाल डबा पहिल्यांदाच पाहिला.

माझी पत्नी आयव्हा हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागते. डोळ्यांमुळे माझा गाडीचा परवाना गेला आहे. दवाखान्याची व्हॅन येते. परवा मंगळवारी मोरीजवळ व्हॅनचे पोट घासले. चालक म्हणाला, "मॅडम, आणखी एकदा असं झालं तर ऑफिस मला वर येऊ देणार नाही." आयव्हाने त्याला मक्याचा ब्रेड बांधून दिला. 

काल बुधवारी मी चुलतभावाकडून निळे तिरके पाते आणले आणि माझ्या ट्रॅक्टरला जोडले. दिवसभरात कडेचे बांध फोडले, चर मोकळे केले, खडी मध्ये ओढून पाठ बसवली. समितीची परवानगी घेतली नाही.

आज सकाळी गारलंड लाल डबा घेऊन वर आला. दात खाली सोडलेले होते. मी मोरीजवळ माझा ट्रॅक्टर आडवा लावला. तेथे झालेले बोलणे असे.

"ब्रदर हॉलिस, बाजूला घ्या. समितीचा रस्ता आहे."

"समितीचा खड्डा होता. रस्ता काल झाला."

"निळ्या पात्यानं केलेला रस्ता मी ठेवणार नाही. लोक म्हणतील, गारलंडचं अवजार फुकट गेलं."

"लोक आत्ताच म्हणतात. तुझ्यासमोर म्हणत नाहीत, कारण बर्फात अडकलेल्या गाड्या तूच ओढून काढतोस. ते काम तू चांगलं करतोस. तेवढंच कर."

माझ्या हातात लोखंडी पहार होती असे तक्रारीत आहे. ती सुतारकामाची, काचेच्या नळीतल्या बुडबुड्यावरून उतार दाखवणारी लेव्हलची पट्टी होती. ती मी रस्त्यावर आडवी ठेवून उतार दाखवला. गारलंड म्हणाला, "बुडबुड्याला काय कळतं?" तरी तो बघायला खाली उतरला आणि वाकला. तेवढ्यात मी मागे जाऊन डबा ट्रॅक्टरला जोडणाऱ्या वरच्या दांड्याची पिन काढून खिशात घातली. त्या पिनेशिवाय डबा उचलला की कलंडतो. मग मी माझा ट्रॅक्टर कडेला घेतला. गारलंडला मी हात लावलेला नाही. तशी पिन गावात कोणत्याही दुकानात मिळते. अध्यक्षांना दुकान सुचले नाही, पोलीस सुचले.

डेप्युटी रस्क मला न्यायला त्याच रस्त्याने वर आले. गाडीचे पोट घासले का, असे मी त्यांना विचारले.  खाली येताना मी मागच्या सीटवर होतो. घासले नाही.

पिन टेबलावर ठेवली आहे. ती चोरीची म्हणून जप्त करावी, माझी हरकत नाही. व्हॅन आज दुपारी येणार आहे. ती वर जाऊन आयव्हाला घेऊन खाली येईपर्यंत पिन गारलंडला देऊ नये, एवढी विनंती आहे. आयव्हा घरी एकटी आहे आणि दार उघडे ठेवून बसते.

लिहिलेले डेप्युटींनी मला मोठ्याने ऐकवले. मी सांगितले तेच आहे. पिन 'रागाच्या भरात' काढली असे त्यांनी लिहिले होते, ते खोडून 'विचार करून' असे करायला लावले. दुसरी दुरुस्ती नाही.

सही
हॉलिस ए. बार्बी