टोपलीतला शेवटचा जोड

अहो नाही, नाही — बूट काढू नका, मास्तर! राहू द्या पायातच. हो, शेजारच्या बोटींवर काढायला लावतात, माहितेय मला — बोटीवर चढायच्या फळीच्या तोंडाशी वेताची टोपली, तिच्यात सगळ्यांचे बूट-चपला, आणि मग दिवसभर अनवाणी. सगळ्या किनाऱ्यावर तीच रीत, लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून. माझ्या बोटीवर नाही. माझ्या लाकडाला पडू देत. मीच घासतो, ऑक्टोबर सरताना मला दुसरा उद्योग तरी काय? या, इथं उन्हात बसा. मास्तर म्हटलं तर चालेल ना? चष्मा दिसला की आम्ही मास्तरच म्हणतो, मग तो खाटीक का असेना. काय सांगता — खरंच शिकवत होता? इझमिरात? बघा! या गालिप कप्तानाची नजर अशी आहे — माणसाच्या पायांकडे बघून सांगतो मी, हा पोहणारा की नुसता फोटो काढणारा. तुम्ही फोटोवाले. रागावू नका हं.

सुटू हो, सुटू. घाई काय आहे? दहा लिहिलंय फळ्यावर, पण दोन-चार माणसं अजून आली तर बरं. चहा घ्या तोवर. आज एकोणतीस ऑक्टोबर, प्रजासत्ताकाचा दिवस, धक्क्यावर चांद-ताऱ्याचे झेंडे बघा किती लागलेत, वाऱ्यानं कसे फडफडतायत — सुट्टीची माणसं येतात आज, वर्षातली शेवटची. उद्या बोट वर ओढायची, खरवडायची, रंगवायची. काय काय दाखवणार? सगळं दाखवणार! पाण्यात बुडालेलं गाव — खाली पायऱ्या दिसतात, भिंती दिसतात, मासे उंबरठ्यावरून आत-बाहेर करतात. मग ती पाण्यात उभी असलेली दगडी शवपेटी, तिच्यापुढं उभं राहून सगळ्यांना हसरा फोटो हवा असतो, कशाला ते देव जाणे. मग जेवण, मासा मी स्वतः भाजतो. मग किल्ल्याचं गाव, तिथं तासभर — ज्यांना चालायची हौस ते तिथंच उतरतात आणि डोंगरातल्या पायवाटेनं परत येतात, तीन तासांची वाट आहे, शेळ्यांची सोबत फुकट... बेट? हो, फळ्यावर बेट आहे. पोहायला. पण बेटापाशी मी हल्ली थांबत नाही. पुसायचं राहिलंय ते. सहा वर्षं राहिलंय.

पुन्हा बुटांवरच आलात तुम्ही. मास्तर शोभता खरे! लोकांना मी सांगतो, उन्हाळ्यात पाय भाजतात म्हणून. ऑक्टोबरात कोणाचे पाय भाजतात, नाही का? बरं, खरं सांगतो — टोपली खोटं बोलते. हसू नका. आम्ही इथले कप्तान डोकी मोजत नाही, जोड मोजतो. डोकी कशी मोजणार? एक पाण्यात, एक संडासात, एक वरच्या मजल्यावर उताणा, दोघं नवरा-बायको मागं लपून भांडतायत. जोड मात्र बिचारे एका जागी बसून असतात. सकाळी चौदा जोड म्हणजे चौदा माणसं. माझ्या बापानं तसंच मोजलं, मी तसंच मोजलं, तीस वर्षं. आता तुम्ही सांगा — पोहायला उतरलेल्या माणसाचे बूट कुठं असतात? बरोबर. टोपलीतच. एवढं साधं! शाळेतल्या पोराला कळेल असं. मला तीस वर्षं कळलं नाही, कारण तीस वर्षं सगळे आपापले वर चढून येत होते.

तुर्गुत त्याचं नाव, सगळे मानानं तुर्गुत बे म्हणायचे. अंकाऱ्याचा, रेल्वेत होता, स्टेशनमास्तर — म्हणजे तोही मास्तरच. सहा वर्षांमागं अशीच सुट्टी होती, हाच दिवस. बायको खोलीवरच राहिली. सकाळी भांडण झालं होतं दोघांचं. कशावरून म्हणाल तर बुटाच्या लेसवरून! त्याची लेस तुटली, तो म्हणाला तू धुताना ओढलीस, ती म्हणाली चाळीस वर्षं तुझं सगळं मीच तोडते का — झालं. हा तरातरा निघून आला, एकटाच, तुम्ही बसलायत तिथंच बसला. पण बोलका माणूस. बेटाजवळ आल्यावर मला विचारतो, कप्तान, मागच्या बाजूला निळी गुहा आहे म्हणतात ती खरी का? मी म्हटलं, आहे, पोहून दहा मिनिटं. मीच म्हटलं. मग पोहणं झालं, वाराही फिरायला लागलेला — लोदोस, दक्षिणेचा, वर्षाच्या या दिवसांत अंगावर येतो तो — मी घाईत टोपलीत डोकावलो, चौदा, नांगर वर. काझिमला ओरडलो, मासा वाढ! काझिम माझा मेहुणा, बायकोचा भाऊ, स्वैपाक तेव्हा तो करायचा. आता अंताल्याला असतो, हॉटेलात. बोलत नाही माझ्याशी. बहिणीच्या घरी ईदेला येतो, माझ्या हातचा चहा घेत नाही.

किल्ल्याच्या गावी सगळे बूट घालून उतरले आणि टोपलीत एक जोड उरला. मला वाटलं, झोपलाय वर. जेवला की झोपतात माणसं. जेवला होता की नाही, तेही कोणी पाहिलं नव्हतं! मी चहा प्यालो, मास्तर. दोन कप. मग वर गेलो तर नुसता टॉवेल. घडी घातलेला — रेल्वेतला माणूस, टॉवेलसुद्धा घडी घालून ठेवणार. आम्ही दोघं निघालो, त्या तेरा जणांना गावात ठेवून, तेल आणायला जातो म्हणून. बेटाच्या आतल्या बाजूला फेऱ्या मारल्या, हाका मारल्या, भोंगा वाजवला — किती वाजवला! पाणी वर उठायला लागलं होतं. काझिम म्हणत होता, मागं जाऊ, गुहेकडं जाऊ. मी म्हटलं, या वाऱ्यात त्या खडकांवर बोट घातली तर आपण दोघंही जाऊ. आणि तो बुडाला, मी म्हटलं. बुडालाच. आता काय उपयोग?

चहा गार झाला का? दुसरा देऊ? ...नको तर नको.

मग त्या तेरा जणांना घेऊन आम्ही धक्क्याला लागलो. ती उभी होती तिथं, त्या दुसऱ्या खांबापाशी — त्याची बायको, मुनेव्वर हानम. हसत होती हो. एका पायातला बूट फटक-फटक वाजत होता, कारण त्यात लेसच नव्हती. म्हणाली, माझा स्टेशनमास्तर कुठाय? माझ्या बुटातली लेस चोरून पळालाय, पकडायला आलेय. भांडण विसरून आली होती ती. आणि मी — माझ्या तोंडातून निघालं: ते किल्ल्याच्या गावी उतरले, हानम, डोंगरातून चालत येतो म्हणाले. मी ठरवून बोललो नाही. निघालं तोंडातून. आणि एकदा निघालं की पोलिसांपुढंही तेच, किनाऱ्याच्या पहारेवाल्यांपुढंही तेच. काझिमलाही तेच बोलायला लावलं. बोट जाईल, परवाना जाईल, तुरुंग — भीती वाटली मला. साधी भीती. दुसरं काही मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

मग काय, सगळा गाव डोंगरात. तीन दिवस लोदोस, पाऊस, आणि माणसं कंदील-कुत्री घेऊन पायवाटेवर हाका मारतायत, तुर्गुत बे, तुर्गुत बे! मीही त्यांच्यात. सगळ्यांत मोठ्यानं मीच. चौथ्या दिवशी वारा पडल्यावर एका कोळ्याला तो सापडला, बेटाच्या मागं, गुहेच्या वरच्या खडकावर. पाय मोडलेला. समोर दगड रचून आडोसा केला होता त्यानं — नीट, ओळीत. डॉक्टर म्हणाला, पहिल्या दोन रात्री जिवंत होता. दोन रात्री, मास्तर! पहारेवाल्यांची मोठी बोट त्या वाऱ्यातही जाऊ शकली असती. ती इथं धक्क्याला बांधून ठेवली होती, कारण माणूस डोंगरात होता ना — मी सांगितलं होतं. भोंगा त्याला ऐकू आला असेल का, सांगा. तुम्ही शिकलेले आहात. उलटा वारा होता, नसेल ना आला? काझिम म्हणतो, आला असणार.

कागदावर काय लागलं? डोंगरावरून घसरून पाण्यात पडला, लाटांनी बेटावर नेला, बूट समुद्रात गेले — कपडे अंगावर होतेच, तसाच उतरला होता पोहायला. बूट सापडले नाहीत. हो, तसंच लिहिलंय. तपकिरी चामडी बूट, डाव्या पायात पांढरी लेस, बायकोच्या कापडी बुटातली, आखूड पडली म्हणून वरची दोन भोकं रिकामी, आणि गाठ अशी आवळून मारलेली की अजून सुटत नाही, मी किती वेळा —

...

असं बघू नका.

बरं. बघा. तुमच्याच बाकाखाली आहेत, सुकाणूच्या पेटीत. तेलाचं फडकं गुंडाळून ठेवलेत, चामडं तडकू नये म्हणून. दर महिन्याला पुसतो. फेकायला गेलो होतो, दोनदा; हात उघडला नाही.

ती येते. दर वर्षी याच दिवशी, अंकाऱ्याहून बसनं, त्याच खांबापाशी उभी राहते आणि मला एकच विचारते — उतरताना काय म्हणाला हो तो? तिला वाटतं, तो तिच्यावर रागावून चालत निघाला. रागात पायाखाली बघितलं नाही, घसरला. म्हणजे लेसवरून भांडले नसते तर जगला असता, असं ती धरून बसलीय. आणि मी दर वर्षी तिला काहीतरी देतो. एका वर्षी म्हटलं, हसत होते उतरताना. एका वर्षी म्हटलं, बायकोला बदाम घेतो म्हणाले वाटेत. ती लहान मुलीसारखी ऐकते, आणि मग म्हणते, पण उतरला मात्र. बोटीनं आला असता तर मी समोरच होते. आणि गेल्या वर्षी म्हणाली — आपल्यात माणूस गेला की त्याचे बूट दाराबाहेर ठेवतात ना? तुमच्या इझमिरात ठेवतात का अजून, मास्तर? कोणी गरजू उचलून नेतो आणि गेलेला मोकळा होतो. तर म्हणाली, कप्तान, त्याचे बूटच नव्हते ठेवायला. मी घरातल्या सपाता ठेवल्या दाराबाहेर. आठ दिवस राहिल्या. कोणी नेल्या नाहीत. तो गेलाय असं घरालाच वाटत नाही.

घराला वाटत नाही! तिला काय सांगू — तो इथं आहे म्हणून. तुम्ही विचारलंत ना, बूट पायात का? आता ऐका. त्या वर्षानंतर मी डोकी मोजायला लागलो. अकरा तिकिटं, अकरा डोकी, सगळी माझ्यासमोर, खाली जेवायला बसलेली. आणि वरच्या फळ्यांवर पावलं. अनवाणी, ओली. एक पाय ओढत. तेव्हा सगळेच अनवाणी असायचे, मी म्हणायचो, असेल कोणीतरी. म्हणून मग सांगितलं, बूट घालूनच या सगळ्यांनी. आता बूट वाजले की माणूस आहे, मी खाली मान घालून मासा उलटतो. आणि बूट न वाजता पाऊल वाजलं की — तोही मी मोजतो. बारा. माझ्या बोटीवर नेहमी एक माणूस जास्त असतो, मास्तर. आत्ता तुम्ही आणि मी, आणि तरी मी तीन म्हणतो. त्याला बूट हवेत. दुसरं काही मागत नाही तो. घाबरू नका, तो तुमच्यावर नाही रागावलेला. माझ्यावरही नाही, तेच सोसत नाही. रोज संध्याकाळी धक्क्याला लागलो की पावलं फळीपर्यंत येतात आणि थांबतात. अनवाणी बाहेर कसा पडणार? सभ्य माणूस.

गेल्या वर्षी ती म्हणाली, गुडघे दुखतात आता, पुढच्या वर्षी जमेल असं वाटत नाही. सकाळपासून मी म्हणतोय, नाही यायची. बस नऊला येते. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. मला वाटलं, सुटलो. आणि मग वाटलं, आता हे जन्मभर माझ्या बाकाखाली राहणार. म्हणूनच बसवून घेतलं तुम्हाला, दोन-चार माणसं येतील म्हणून. कोणी येणार नव्हतं, मास्तर. या वाऱ्यात कोण येतंय. मला एकट्याला बसवत नव्हतं इथं.

...मागं वळू नका. झेंड्यांच्या पलीकडं, काठी टेकत. करडा कोट. हो, तीच. थांबत थांबत येतेय.

उठा, मास्तर. आज बोट सुटणार नाही. पैसे माझ्याकडं पडलेत ते घ्या, नाही, घ्या — आणि ती पेटी जरा सरकवा. फडकं राहू दे. हे असे. फळीच्या बाहेर ठेवतो, तोंड गावाकडं करून, दाराबाहेर ठेवतात तसे. ती आली की आधी ते दिसतील. पांढरी लेस दिसेल. मग ती मला विचारेल, उतरताना काय म्हणाला, आणि मी सांगेन, हानम, तो उतरलाच नाही. तो तुमच्याकडंच परत यायला निघाला होता, पोहून आल्यावर हेच बूट घालून. मी नेलं नाही त्याला. नंतर तिला काय करायचं ते करू दे. पोलीसचौकी त्या कोपऱ्यावरच आहे, तिला लांब चालावं लागणार नाही.

ऐकलंत? वर. — नाही ऐकलंत? चला, बरं झालं.

जा आता. जा म्हणतो ना, ती जवळ आली. आणि उतरताना सांभाळून, त्या बुटांना पाय लावू नका. त्यांचा माणूस मागं उभा आहे.