मांजरपाटाचा ब्लाउज

खराडीहून निघालेल्या बसमध्ये प्रेमलाबाई नेहमीसारखा आपला उतरता उजवा खांदा पदराखाली झाकून बसल्या होत्या. पुढच्या सीटवर कॉलेजातली एक मुलगी आणि तिची आत्या होती.

"महिनाभर फॅशनवाल्यांकडे इंटर्नशिप केलीस. शिकलीस काय?"

"उसवायला."

"वा! त्यासाठी फी भरून कॉलेज?"

"आत्या, ऐक ना गं. लग्नाचा ब्लाउज तिथल्या मॅडम आधी साध्या मांजरपाटाचा शिवून बघतात. या वेळी मी शिवला, एकदम परफेक्ट! पण नवरीने घातला, तर उजवीकडे सुरकुती."

"म्हणजे चुकलीस."

"मलाही तेच वाटलं. मॅडम मात्र तिच्याभोवती फिरून नुसत्या बघत राहिल्या. मग तिच्या अंगावरच शिवण उसवली, दोन टाचण्या लावल्या आणि सुरकुती गायब! जादूच."

"पण झालं काय होतं?"

"तिचा एक खांदा खाली होता. बिचारी म्हणाली, 'सॉरी, माझ्यातच दोष आहे.' तर मॅडम म्हणाल्या, 'चूक ब्लाउजची आहे, खांद्याची नाही.'"

"मग?"

"मग ती आरशासमोर उभी राहिली. मी खांदा झाकायला ओढणी पुढे केली, तर म्हणाली, 'राहू दे. बघू दे मला जरा.' आत्या, अंगावर काटा आला माझ्या."



विश्रांतवाडी आली. दोघी उठल्या, तशा प्रेमलाबाईही उठल्या.

"बाळ, तुझ्या मॅडमचा पत्ता देशील?"

"देते की! लग्न आहे का घरात?"

"नाही गं. मला रोजचाच शिवायचाय."