जवळ माणूस आलं की

(पंप जोडण्याचा कारखाना. टेबलाशी मावशी. शेजारी वजन उचलणारा यांत्रिक हात, बंद करून ठेवलेला.)

इंजिनीअर: पण मावशी, खांदा दुखायचा राहिला ना?

मावशी: राहिला. खोटं कशाला बोलू?

इंजिनीअर: मग हा हात काढून न्या म्हणून का मागे लागलात? तुमच्या उंचीला लावलाय, तुमच्या वेगानं चालतो. वीजसुद्धा किती कमी खातो!

मावशी: गुणी आहे गं. पंपाचं एवढं धूड अलगद उचलून पुढ्यात ठेवतो. पूर्वी ते आम्ही दोघी उचलायचो, लवंगी आणि मी. तिचं नाव भलतंच, पण जिभेमुळे सगळे लवंगीच म्हणायचे. ‘हं, धर’ म्हणाली की धूड वर. आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. सासवा, जावई, कुणाला सोडायची नाही. आता सकाळी तोंड मिटतं ते मिटतंच. घरी तरी कोण बसलंय वाट बघत?

इंजिनीअर: मग काय करूया?

मावशी: मला तिच्याकडे पाठव. मागच्या इमारतीत, जुने पंप खोलून पुन्हा नवे करतात तिथं. हा हात आला तेव्हा ती म्हणाली होती, दोघी जाऊ. मीच खांद्याचं निमित्त काढून इथं राहिले.

इंजिनीअर: मावशी... त्यांनी काम सोडलं. मुलीकडे गेल्या, कायमच्या.

मावशी: छे! मला न भेटता जायची नाही ती.

इंजिनीअर: आल्या होत्या. मी ऑफिसच्या काचेतून पाहिलं. मला वाटलं, भेट झाली.

मावशी: कुठं आली होती?

इंजिनीअर: इथं, तुमच्या पाठीमागे. तुमची जागा सोडून कुठूनही जवळ माणूस आलं की हा हात आपोआप थांबतो. मागच्या आठवड्यात एका दुपारी थांबला होता ना?

मावशी: थांबला होता. मला वाटलं, अडकला मेला. मी बटण दाबलं, झाला की चालू.

इंजिनीअर: त्या मागे सरल्या, म्हणून झाला.

मावशी: हाक मारायची नाही का गं?

इंजिनीअर: मारलीही असेल. या हाताच्या आवाजाला घालता ते बोळे तुमच्या कानात होते.

(मावशी खिशातले बोळे काढून टेबलावर टाकते.)

इंजिनीअर: फोन करा ना त्यांना.

मावशी: रोज समोर बसणाऱ्या बाईचा नंबर कोण घेतं?

इंजिनीअर: ऑफिसात असेल. आणते.

मावशी: आण. पण आधी तिला विचार, मला दिला तर चालेल का.