फवारलेलं कुरण

(सकाळ. गोठ्यात वासरू आडवं पडलं आहे. आजोबा आणि नात त्याच्याजवळ बसले आहेत.)

आजोबा : तसं नाही, बाळा. डोळे मीट. समज, तूच हे वासरू आहेस. काल दिवसभर काय काय तोंडात घातलंस? त्याच्यामागे सारखी तूच असतेस.

नात : दूध.

आजोबा : मग?

नात : तुमच्या सदऱ्याची बाही.

आजोबा : ते दिसतंय मला, पार चिंधी केलीय. पुढे?

नात : पेंड. पेंडच खराब असेल.

आजोबा : तीच पेंड गाईनं खाल्ली, ती ठणठणीत आहे. डॉक्टर निघालेत. म्हणाले, काय खाल्लं ते कळलं तर नेमकं औषध देता येईल. नाहीतर नुसता अंदाज.

नात : आजोबा, पलीकडच्या कुरणातलं तण कडू असतं ना?

आजोबा : कडू जहर. गुरं शिवतसुद्धा नाहीत त्याला.

नात : आणि तुम्ही तणनाशक फवारलंत, त्यानं गवताला काही होत नाही. रुंद पानांचं तेवढं मरतं. तुम्हीच म्हणालात.

आजोबा : म्हणालो. पण ते एका दिवसात मरत नाही गं. आधी मान टाकतं, पानं पिळवटतात. मरता मरता त्याचा कडूपणा कमी होतो, गुरांना गोड लागतं. तणाचं मूळचं विष मात्र आत तसंच. म्हणून ते पुरतं वाळेपर्यंत फाटकाला साखळी. का विचारतेस?

(नात मिटल्या डोळ्यांनीच वासराच्या मानेत तोंड खुपसते.)

आजोबा : डोळे उघड. बघ माझ्याकडे.

नात : हे नव्हतं सांगितलंत मला.

आजोबा : काय?

नात : गोड लागतं ते. मला वाटलं, कडू पानं सोडून ते गवतच खाईल. इकडे सगळं खुरटं, तिकडे केवढं हिरवं. काल मी साखळी काढली. थोडाच वेळ.

आजोबा : अगं बये! आणि मी सकाळपासून गुराख्याला फैलावर घेतोय.

नात : मारा मला.

आजोबा : तुला मारून हे उठणार आहे का? चूक माझीही आहे. अर्धंच शिकवलं, आणि तुला सगळं कळलं असं धरून चाललो.

नात : जगेल ना ते?

आजोबा : खोटं नाही सांगणार. माहीत नाही मला. फोन दे तो… हॅलो, डॉक्टर? कळलं. फवारलेल्या कुरणातलं कोमेजलेलं तण. फवारून पाच दिवस झाले. हो, काल थोडा वेळ.

डॉक्टर (फोनवर) : एकदाच ना? नीट विचारा. किती पोटात गेलं, त्यावर पुढचं ठरेल.

आजोबा : एकदाच. नात म्हणतेय तसं.

नात : आजोबा, फोन द्या.

आजोबा : मी बोलतोय ना.

नात : द्या… डॉक्टरकाका, मी बोलतेय. परवासुद्धा नेलं होतं. परवा खूप वेळ.