जावयाने जाळलेली मोटर

स्कूटर दुरुस्त व्हायची वाट बघत शिंपीणबाई गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. समोर मिस्त्रीने एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीची स्टार्टर मोटर टेबलावरच्या पकडीत आवळली आणि बॅटरीच्या जाड वायरी तिला टेकवल्या. मोटर गर्रकन फिरली.

“काका, मोटर ठणठणीत आहे.”

“असं कसं? किल्ली मारली की नुसतं टिक वाजतं. जावयाने जाळली ती. गाडी चालू होत नव्हती, तरी किल्ली फिरवून धरून बसला होता.”

“जळली असती तर वास आला असता. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलंय का?”

“असेल थोडं.”

“मग करंटच पोचत नाही. ते साफ कोण करतं?”

“मीच. गाडीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही मी.”

“झालं तर मग!”

“झालं कसलं? त्याच्या आईवडिलांसमोर अक्कल काढली मी त्याची. लेक रडत आत निघून गेली.”

“आणि जावई?”

“आज मोटर त्यानेच उतरवली. बसमध्ये मांडीवर घेऊन आला.”

“मग आहेत कुठे?”

“बाहेर पायरीवर. आत यायची लाज वाटते म्हणाला.”

मिस्त्रीने खात्रीसाठी पुन्हा वायर टेकवली. सगळं गॅरेज घुमलं.

“अहो, जरा हळू फिरवा ना! बाहेर ऐकू जाईल त्याला.”

“ती हळू फिरत नसते, काका.”

शिंपीणबाईंनी मान वळवली. आवाज ऐकून पायरीवरचा माणूस दारात येऊन उभा होता. म्हातारा मोटरकडेच बघत राहिला.