गाडी गॅरेजला हाय

शिरोळच्या एसटीच्या रांगेत उभं राहून हिराबाईचे पाय मोडून आले होते. पुढं एक नवरा-बायको हळू आवाजात बोलत होते.

"अहो, घरात विजेची कार आणि माहेराला एसटीनं."

"एका चार्जिंगला साठ किलोमीटर जाती, निशा. शिरोळ जाऊन-येऊन शंभर."

"आईकडं चार्जिंगला लावायची की."

"दिवसभर लोडशेडिंग तिथं. कशावर लावणार?"

"दोन वर्षं झाली, आई अंथरुणावरनं विचारती, गाडी कुठाय. दर खेपेला सांगायचं, गॅरेजला हाय."

"आज खरंच गॅरेजलाच हाय. सकाळी बॅटरी गेली."

"व्हय?"

"व्हय."

"मग आज तरी आईच्या तोंडाकडं बघून सांगता येईल."