शेवटी चालणारा माणूस

डोंगरातल्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चहाची रांग होती. माझ्या पुढे पायी भटकणाऱ्या एका क्लबचे अध्यक्ष उभे होते. तेवढ्यात निळ्या रेनकोटातला एक माणूस निथळत पायऱ्या चढून आला.

"अध्यक्ष, मला सोडून आलातच कसे?"

"तुम्ही? अहो, तुम्ही मघाशीच आत गेलात! मी स्वतः डोकी मोजली."

"सगळ्यांच्या मागे चालायचं काम माझं. पुढच्या निळ्या रेनकोटांवरून नजर हलवली नाही मी. त्यांच्या मुक्कामी पोचलो, तर एक चेहरा ओळखीचा असेल तर शपथ. दुसराच क्लब, रेनकोट तेवढे आपल्यासारखे!"

"मग आमच्या मागून आला तो कोण?"

"त्यांचा शेवटचा माणूस. तिकडे बोंबाबोंब चाललीय."

"डोकी बरोबर भरली, मग मी कशाला टोप्या वर करून बघू?"

"तुमचं सोडा. माझी बायको होती ना बरोबर?"

"होत्या की. वाटभर त्याच्याशीच बोलत होत्या."

"आणि तिलाही कळलं नाही?"

"मला म्हणाल्या, आज हे मधे एकदाही तोडत नाहीत. डोंगराची हवा मानवली म्हणायची."

"कमाल झाली! कुठे आहे ती?"

"त्या काय, खिडकीपाशी. बघा, तो टोपी काढतोय."

"दचकली! आता ओरडणार बघा."

"कुठे ओरडतायत? खुर्ची जवळ ओढली त्यांनी. पुढचं सांगायला लागल्या."

"मी जातोच आत."

"थांबा हो जरा. चहा घ्या. किती दिवसांनी कुणीतरी ऐकतंय त्यांचं."